ओळ ४१२

वालपराइसोच्या बंदरामागे, नटबोल्टांच्या गोदामात
तिसऱ्यांदा फाइल चढवली.
तिसऱ्यांदा नकार:
ओळ ४१२. रकाना 'येणे बाकी'. अंक अपेक्षित.

त्याआधी पुढची शून्यं गळाली होती,
००७३ चा नुसता ७३ झालेला;
५-८ मापाचा नट
एक्सेलने परस्पर पाच ऑगस्ट करून टाकलेला.
ते निस्तरलं.

४१२ मात्र एदुविगिसबाईंच्या हातची.
एकवीस वर्षं ही फाइल त्यांनीच भरली,
मार्चात निवृत्त झाल्या.
निबाल्दो, होडीदुरुस्ती. येणे बाकी:
'मागू नये. त्याला ठाऊक आहे.'

फोन लावला. पलीकडे कुत्रं भुंकत होतं.
किती लिहू, बाई?
बराच वेळ नुसतं कुत्रंच.
मग, "तुझ्या यंत्राला शून्य चालतं का?"
चालतं.
"मग शून्य लिही. पण
त्याच्या डोळ्यांदेखत नको."

काउंटरपाशी निबाल्दो वॉशर निवडत होता,
एकेक उजेडात धरून.
मी स्क्रीन जरा वळवला,
शून्य टाकलं.
नऊ हजार सहाशे चार ओळी. हिरवी खूण.

वॉशरची पुडी खिशात घालत
तो म्हणाला, "आज सुटे नाहीत.
लिहून ठेव."