जाडी

ब्रनोमध्ये समुद्र नाही.
स्व्रात्का नदी आहे, उन्हाळ्यात गुडघाभर, बदकांपुरती;
आणि चौथ्या मजल्यावर आमचं ऑफिस,
जिथे आठ महिने मी एक लाट घडवतेय
आणि लाटेवर चढणारी एक गाडी.
पाण्यात होडी, वाळूत रणगाडा,
धड ना ही, धड ना तो.

खेळात तिच्या कडेला बारा मिलिमीटर पोलाद आहे.
बारा, कारण ओत्मार म्हणतो, सहा ठेवलं
तर खेळणारे किनाऱ्याला लागायच्या आतच मरतात
आणि पैसे परत मागतात.
"मरतातच," मी म्हटलं. "तेच तर घडलं होतं."
"मग घडू दे ना," तो म्हणाला. "पण जरा उशिरा."

जुने कागद उपसले. तीन उत्तरं निघाली.
कारखाना म्हणतो, साधा पत्रा; चिलखत म्हणूच नका.
कुणा सार्जंटची वही म्हणते, निघायच्या आधी
बंदरातल्या वर्कशॉपात
बॉयलरचा पत्रा कापून पुढून बोल्टांनी आवळला,
कडांना पुरला नाही.
तिसरं एक रंगीत चित्र होतं,
त्यात गाडीतले सगळे हसत होते.

म्हणून बेटिओला लिहिलं.
तेबानो तिथल्या शाळेत गणित शिकवतो.
त्याच्या घरामागे एक आहे,
ओहोटीला उघडी पडते.
"डावी बाजू, चालकाच्या मागे. जाडी मोजून कळवाल?
व्हर्नियर असेल तर उत्तम."

सतरा दिवसांनी उत्तर आलं.

शाळेचा व्हर्नियर खाऱ्या हवेनं धरलाय, हलत नाही.
आणि जाडी कशाची मोजू?
वर गंज आहे, कांद्यासारखा पापुद्रे सुटलेला.
आत पत्रा उरलाय की पत्र्याचा नुसता आकार
ते बोट लावल्याशिवाय कळणार नाही,
आणि बोट लावलं तर तोही उरणार नाही.
माझी मेव्हणी तिच्यात ऑक्टोपस शोधते.
मुलं टपावरून उड्या मारतात, आम्ही ओरडतो.
आजोबा सांगायचे, त्या दिवशी भरती भांगाची होती.
पलीकडच्या बेटावरून दिसत होतं त्यांना :
होड्या खडकांवर बसल्या,
ह्या तेवढ्या सरपटत पुढे आल्या,
अंडी घालायला कासवं येतात तशा.

तुम्ही विचारलेल्या जागी पत्रा नाही. भोक आहे.
मग तेच मोजलं.
माझा अंगठा जातो. धाकटीची दोन बोटं जातात,
ती आत घालून हलवून दाखवते.
कडा आतल्या बाजूला वळलेल्या आहेत.
फोटो पाठवतोय, मापासाठी शेजारी नाणं ठेवलंय.

फोटोत नाणं चकाकून पांढरं पडलं होतं.
कुठलं नाणं, ते कळलं नाही.

ओत्मारशी आठवडाभर भांडले.
शेवटी आठवर तुटलं,
ना त्याचं ना माझं, मंडईतल्या भावासारखं.
आठ मिलिमीटर कुठल्याच कागदात नव्हतं,
कुठल्याच पाण्यात नव्हतं.
तरी तेबानोला कळवलं; आभार मानले,
नामावलीत तुमचं नाव घालतो म्हटलं.

आठ ठीक आहे, त्यानं लिहिलं. वर्गात सांगितलं.
मुलांनी एकच विचारलं,
खेळात आमची घरं आहेत का?

मी नकाशा उघडला.
माडांचे अकरा प्रकार, वारा आला की वेगवेगळे डोलणारे.
बंकर. तारांची भेंडोळी. खेकडेसुद्धा;
खेकड्यांवर कुणीतरी महिनाभर घालवला होता.
वरून खालपर्यंत सरकवला, पुन्हा वर नेला.

सगळे गेल्यावर त्या रात्री
माडांमागे एक घर मांडलं.
चार खांब, वर छप्पर,
भिंती म्हणून केवड्याच्या पातीची विणलेली चटई.
भिंत टेकवताच चौकट उघडली. रिकामी. वर एकच शब्द :
जाडी?

कर्सर लुकलुकत राहिला.
मी पुन्हा बेटिओला लिहायला बसले.