फुलाचा पडलेला दात

कोकंदच्या बाजारात माझं घड्याळांचं दुकान.
दुकान कसलं, एक खिडकी आणि एक भिंग.
समोर मस्तुरा-ओपाची भट्टी.
पहाटेचे चार वाजले की मला वासावरून कळतं;
मागच्या भिंतीवरच्या बत्तीस घड्याळांचं
त्याबाबत अजून एकमत नाही.

रोटी भट्टीच्या पोटात चिकटवण्याआधी
तिच्या मधोमध ठसा मारावा लागतो.
अक्रोडाच्या लाकडाची मूठ, खाली सुयांची वर्तुळं.
न टोचता भाजली तर मध्यभाग टम्म फुगतो,
कारण म्हणाल तर एवढंच.
पण टोचायचंच आहे तर फूल का नको,
असं कुणाला तरी वाटलं असणार कधी काळी,
कोपरापर्यंत हात पिठात असताना.
त्या माणसाचं नाव कुठल्याच वहीत नाही.

ओपाच्या ठशातली एक सुई
तिच्या सासूच्या हयातीतच गळून गेलेली.
म्हणजे प्रत्येक फुलाच्या कडेला
एक ठिपका कमी.
तीस वर्षं मी ती रोटी चहात बुडवून खाल्ली
आणि मला दिसलं नाही.
डोळ्याला भिंग लावून पोट भरणाऱ्या माणसाची ही गोष्ट.

दिसलं ते दिल्दोराला.
वय सात, शाळेला उशीर झालेला,
गरम रोटी छातीशी धरून खिडकीत उभी:
‘अमाकी, फुलाचा एक दात पडलाय.’
आणि स्वतःच्या दाताची रिकामी जागा
जिभेनं चाचपत राहिली.

त्या दिवशी रोटी थंड होईपर्यंत मी बघत बसलो.
मग आणखी कायकाय दिसायला लागलं.
रस्त्यावर पाणी शिंपडणाऱ्या बाईच्या मनगटातून
सुटणारी कमान, क्षणभर टिकणारी.
कलिंगडवाला ढीग रचताना
प्रत्येक फळाची पिवळी बाजू आत वळवतो,
आणि मागे सरून एकदा बघतो,
बघायला कुणी नसतं तेव्हासुद्धा.
एक घड्याळ मी दोनदा उघडलं,
बिघाड नव्हता त्यात,
आतलं चाक नुसतं फिरताना बघायला.

पण सवय जात नाही.
मोडलं दिसलं की हात शिवशिवतात.
एका रात्री ओपाचा ठसा मागून आणला,
जुन्या गजराची तार तापवली, घासली, ओढली,
आणि अशी सुई बसवली
की तिच्या शेजारणींनाही परकी वाटू नये.
फूल पुरं झालं.
मी स्वतःवर इतका खूश होतो
की झोप आली नाही.

सकाळी बसवाला तुर्सुनबोय रोटी घेऊन गेला
आणि अर्ध्या तासात परत आला.
‘ही कुणाची?’
‘माझीच की,’ ओपा म्हणाली.
‘आई नाही म्हणते.’
त्याची आई आंधळी.
रोटी हातात आली की ती बोटांनी फुलाभोवती फिरते,
एका ठिकाणी थांबते,
आणि तिथूनच तोडते पहिला घास.
आज तिची बोटं फिरतच राहिली,
अनोळखी गल्लीत आपलं दार शोधावं तशी.

ओपा मला काही बोलली नाही.
खिडकीतून हात घालून माझाच चिमटा उचलला
आणि शेतातला मुळा उपटावा तशी
माझी सुई उपटली.
मग पदराला पीठ पुसत विचारलं,
‘मजुरी किती झाली?’

मजुरी मी घेतली. का सोडू?
काम चोख होतं.

ती सुई आता एका चपट्या खिळ्यावर
भिंतीवर टांगली आहे, तेहतिसावी.
गिऱ्हाइकं विचारतात, हे कसलं घड्याळ,
ना आकडे, ना चावी?
मी भिंग वर सरकवतो,
रोटीतली मोकळी जागा अंगठ्यानं शोधतो,
आणि पहिला तुकडा त्यांना देतो.