तगादा

आमच्या कोर्टाला शिपाई नाही, तुरुंग नाही,
जप्तीला धाडावा असा बेलिफ नाही.
आहे एक कपाट, एक कॅलेंडर
आणि सान होसेतल्या या गल्लीत बसून
सरकारांना पत्रं लिहिणारा मी.
निकाल लागला की वकील मिठ्या मारतात, फोटो निघतात.
माझं काम त्यानंतर सुरू होतं.

एदुविहेस त्सुनुश ग्वातेमालाच्या डोंगरातून येते,
दोन बस, एक विमान,
थर्मासात घरची कॉफी, कारण इथली तिला पाणचट लागते.
अठरा वर्षांत सहा सुनावण्या.

भरपाई: दिली.
निकाल राजपत्रात छापणे: छापला,
पान एकशे बारा, पशुखाद्याच्या निविदेखाली.
चौकात पाटी: बसवली.

पाटी बसवली, पण भावाचं आडनाव चुकलं.
निकानोर त्सुनुशचा झाला निकानोर त्सुनुन.
त्यांच्या भाषेत त्सुनुन म्हणजे हमिंगबर्ड.
तिनं पाटीचा फोटो टेबलावर सरकवला.
सरकारी वकील, दर खेपेला नवाच असतो,
म्हणाला, "प्रश्न एका अक्षराचा आहे."
दुभाष्याकडे न बघता ती म्हणाली,
"हो. आमच्याकडं त्याचं तेवढंच उरलंय."

त्या अक्षरासाठी मी सात पत्रं लिहिली.
दोन वर्षं चार महिने.
मग नवी फरशी आली, कोपऱ्यात टवका उडालेली,
पण श होता.
मी त्या कलमापुढं आधी पेन्सिलीनं खूण केली,
फोटो भिंगातून पाहिला,
मग शाईनं.

कलम नऊ मात्र तसंच.
अस्थी शोधून कुटुंबाच्या हवाली कराव्यात.
"शोध सुरू आहे," सरकार कळवतं,
दर अहवालात तेच वाक्य, तोच स्वल्पविराम.
जुन्या छावणीच्या जागी आता अवोकाडोचं गोदाम आहे.
मी लिहितो: कुठं खणलं, किती खोल, कोणत्या तारखेला?
उत्तर येतं: आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.
मी लिहितो: नोंद मिळाली. कुठं खणलं?

लाज ही अशी वसुली आहे
की जिच्यात येणेकऱ्यालाच चिकाटी लागते.

परवा व्हरांड्यात तिनं विचारलं,
"तुम्ही निवृत्त झालात की?"
म्हटलं, "माझ्या जागी कुणीतरी येईल."
"माझ्याही," ती म्हणाली, आणि थर्मास
सोबतच्या भाचीकडं दिला.

अकरा-बारा वर्षांची पोरगी.
माझ्या टेबलावरच्या फाइलीवर वाकली,
ओठ हलवत, बोट फिरवत
आडनाव शेवटपर्यंत वाचलं,
आणि शेवटच्या अक्षरावर
जरा जास्तच वेळ थांबली.