लाल वही

सिग्नेची कारकीर्द कुणालाही सापडेल:
चौदा वर्षं, दोन विजेतेपदं, पाचदा दुसरी,
एकशे तीन वेळा कट हुकला,
उजवं मनगट, निवृत्ती.
माझ्याकडे फक्त वही आहे.

लांबट, लाल पुठ्ठ्याची,
भुसावळला दुकानदार उधारी मांडतात तसली.
तिच्यात मी अंतरं लिहायचे, मराठी आकड्यांत.
दुसरे कॅडी खांद्यावरून डोकवायचे,
त्यांना जिलब्या दिसायच्या.
सिग्नेलाही वाचता यायचं नाही.
किती? ती विचारायची.
मी सांगेन तेवढं मारायची.
आमच्या घरात इतका विश्वास
माझ्यावर फक्त शेळीने टाकला होता.

मी शिकले ते रेल्वेच्या मैदानावर,
यार्डापलीकडे, नऊ होल, गवत शून्य.
भोकाभोवती वाळू,
इंजिनाचं जळकं तेल ओतून दाबलेली.
बाप गोणपाट ओढत ती सारखी करायचा,
साहेब यायच्या आधी
आणि साहेब गेल्यावर पुन्हा.
सुभान तडवी, माळी, खेळायची परवानगी नाही.
म्हणायचा,
चेंडूले मारू नको वो, त्याले वाट दाखव.
मे महिन्यात चेंडू उचलला
तर चुलीतून काढल्यासारखा लागायचा.

दिल्लीजवळच्या स्पर्धेत
सिग्नेच्या कॅडीचं पोट बिघडलं.
चार दिवसांपुरती म्हणून पिशवी खांद्यावर घेतली.
चौदा काठ्या, छत्री, पाणी, दोन केळी.
नऊ वर्षांनी खाली ठेवली.
(जगभर प्रत्येकीच्या पिशवीत केळी असायची.
सगळी थंड, कच्चट, शिक्का मारलेली.
सावद्याचं केळ काय असतं
ते मी कुणाला सांगत बसले नाही.)

तिच्या गावाजवळ एकदा, जूनमध्ये,
रात्री दहालाही ऊन होतं.
मगरिब कधीची, विचारू कुणाला?
सूर्य जाईचना.
दुसऱ्या दिवशी शेवटच्या होलवर सात फूट उरले.
मी वाकून पाहिलं, म्हणाले,
डावीकडे, एक चेंडूभर.
डावीकडे काही नव्हतं. सरळ होतं.
चेंडू कड चाटून पुढे गेला
तिच्या आईसमोर,
तिच्या शाळेतल्या बाईंसमोर.
ती पाचांतली दुसरी दुसरी.
गाडीत बसल्यावर म्हणाली,
मलाही डावीकडेच वाटलं होतं.
वहीत त्या तारखेला लिहिलंय:
खोटं बोलली.

असं बरंच आहे, आकड्यांच्या खाली.
१४२, वारा तोंडावर. रात्री रडली, नळ सोडून.
१७१, पाण्यापलीकडे. माझंही भाडं तिनेच भरलं.
९८. मनगटाला बर्फ. कुणाला सांगायचं नाही.
९८. पुन्हा बर्फ.

यंदा भरिताच्या दिवसांत ती आली.
नऊपैकी पाच होल आता डब्यांच्या शेडखाली.
बापाला एका डोळ्याने दिसत नाही,
तरी गोणपाट ओढलं त्याने,
तिच्यासाठी दोनदा.
तिने काठी धरली, मनगट जपून.
बाप म्हणाला तेच, जे म्हणायचा.
मी भाषांतर केलं नाही.
ती काठी खाली घेऊन थोडा वेळ थांबली,
मग चेंडू सोडला नुसता.
तेलकट वाळूवरून तो हळू गेला,
भोकापासून वीतभर अलीकडे बसला.
बापाने पायाने आत ढकलला.
झालं, म्हणाला.

नंतर लिंबाखाली बसून तिने वही मागितली.
पानावर बोट ठेवलं:
हे काय?
एकशे बेचाळीस.
आणि त्याखाली?
वारा, मी म्हणाले. वाऱ्याचं लिहिलंय.
ती माझ्याकडे पाहत राहिली,
मग पुढच्या पानावर गेली.

सहाला अंधार पडला.
एवढ्यात? ती म्हणाली.
इकडे असंच, म्हटलं,
आणि दिसेनासं झालं तरी
ती बोट ठेवत होती, मी आकडे सांगत होते.