संकट

निपाणीत बिड्या तपासायचं काम माझं.
अंगठ्यानं दाबून बघायची: पोकळ, घट्ट, पान फाटलेली.
शेकड्यामागं पाच-सात छाट. माझा हात म्हणजे कायदा.

शनिवारी यल्लव्वाच्या बिड्या आल्या
काडीसारख्या कडक. ओढल्या तर विझतील.
मी निम्म्या छाटल्या. वर बोललोही, जरा लागेल असं.
ती भांडली नाही. एवढंच म्हणाली,
‘संकट आगतैत्री, अण्णा.’

मी दाराकडं बघितलं.
आमच्या मराठीत संकट बाहेरून येतं,
पूर येतो, जप्ती येते, पोलीस येतात.
दारात तर नुसती पानांची पोती.
तिनं हात छातीखाली ठेवला: इथं.
थोरली लेक सासरहून परत आलेली, म्हणे, सोमवारी.
तिच्या कन्नडात संकट आत होतं.

वीस वर्षं बोटांनी बोटं वाचतोय मी,
ही घाईतली, ही उपाशी, ही रडून उठल्यावरची,
आणि वाचून फेकून देतोय.

मग आठवलं, सकाळी
पोरानं चहा सांडला, केवढासा,
त्याला मी काय काय बोललो.
त्याआधी डॉक्टरांची चिठ्ठी खिशात सारली होती,
चार घड्या, नखानं दाबून,
बिडीचं तोंड मुडपतात तशी.

छाटलेल्यांतल्या थोड्या परत मोजात घेतल्या. सगळ्या नाही.
संध्याकाळी पोराला म्हटलं, बस जरा.
मराठीत शब्द शोधला. मिळेना.
हात छातीखाली ठेवला.