गळती

सित्र्याच्या खाडीतून दर मंगळवारी
बू-ईसा दोन कॅन भरून आणतो.
एकात पाणी, दुसऱ्यात तिवराची पानं
आणि मुळांवरचं शेवाळ, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं.
तिवराला तो कुर्म म्हणतो.
आमच्यात कूर्म म्हणजे कासव, मी एकदा सांगितलं.
तो हसला. मग हे चालत का नाही?
चालता आलं असतं तर गेलंच असतं की,
भराव पडायच्या आधी,
पाइपाच्या तोंडापासून लांब.

पानाच्या चकत्या पाडते, टिकलीएवढ्या,
शुद्ध पाण्यात सोडते आणि वाट बघते.
धड पान गप्प बसतं.
पेशीभोवतीचा पापुद्रा स्निग्ध, दुपदरी,
दुधावरची साय त्याच्यापुढे गोधडी वाटेल इतका पातळ,
आतलं आत ठेवतो, बाहेरचं बाहेर.
तो विरला असेल तर मीठ सुटतं,
पोटॅशियम सुटतं,
आणि मीटरवरचा आकडा
मुकाट चढत जातो.

तांबं गरजेपुरतं लागतंच.
जास्त झालं की सायीला धग लावतं,
एक रेणू खवट होतो, तो शेजारच्याला करतो.
बाटलीच्या तळाशी उरलेलं जुनं खोबरेल ज्याने हुंगलंय
त्याला पुढचं समजावून सांगावं लागत नाही.
कॅडमियम निराळं. ते दार फोडत नाही.
कॅल्शियमच्या दारातून कॅल्शियमच्याच मापाचं होऊन येतं,
जसा आमच्या दाभोळचा मोरेश्वर आला होता
मेलेल्या चुलतभावाच्या पासपोर्टवर,
आणि चार वर्षं त्या नावाला ओ देत
उभा राहिला मुलाम्याच्या टाकीपाशी.
आता गावाहून फोन करतो, स्वतःच्या नावाने.
हाडं दुखतात म्हणतो.

शेवाळाची परीक्षा वेगळी.
वाटायचं, गाळायचं, आम्लात अर्धा तास तापवायचं.
लांबच्या किनाऱ्याची नळी फिकटच राहते,
पाइपाजवळची गुलाबी होते.
शाजी म्हणतो, शरबत.
जेवढी नासाडी तेवढा देखणा रंग.
आमच्या नोंदवहीत देखणेपणाला रकाना नाही.

पण पेशी काही भोळी नाही.
तिच्या पोटात पाण्याची एक पिशवी असते,
माळ्यावरच्या अडगळीसारखी.
गंधकाच्या दोऱ्याने विष बांधून
ती तिथे कोंडते,
आणि उरलेल्या जागेत
हिरवं काम चालू ठेवते.
हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हलाहल आठवलं,
आणि तो निळा गळा.
इथे पिणाऱ्याचं स्तोत्र कोणी रचलं नाही,
एवढंच.

एक काम मी नेहमी संध्याकाळवर ढकलते.
किती गळलं हे टक्क्यांत लिहायचं
तर एकूण किती होतं ते माहीत हवं,
आणि त्यासाठी त्याच चकत्या उकळायच्या,
सगळे पापुद्रे फुटेपर्यंत.
धड पानाच्याही.
त्यांनी काय केलं होतं?

आज पाइपाजवळचं पान, एकसष्ट टक्के.
बू-ईसा दारात उभा, कॅन न्यायला.
आकडा विचारत नाही.
भांड्यातल्या वाफेकडे बोट करतो,
हे पाणी कुठे ओततेस?
बेसिनमध्ये.
तो दोन्ही कॅन उचलतो,
खिडकीतून खाडीकडे बघतो जरा वेळ,
बेसिन कुठे जातं?