टोकन तरतूद

खंडेराव मार्केटात खाली झेंडू तोलतात,
वर शहर.
तेहेतीस वर्षं मी वरच्या तराजूपाशी बसलो,
अंदाजपत्रक शाखा, खिडकीलगतचं टेबल,
पारडं हलताना मात्र कधी पाहिलं नाही.
आकडे ठरूनच यायचे.
मी बेरीज जुळवायचो
आणि शेवटचं परिशिष्ट टाइप करायचो:
नागरिकांकडून आलेल्या सूचना.

यंदा जानेवारीत तोच जिना चढलो,
हातात माझीच सूचना, वहीच्या फाडलेल्या पानावर,
आणि शिपायानं दिलेली चिठ्ठी, सदतीस नंबर.
पोरगा नवा होता. म्हणाला, "वडील, वॉर्ड कयो?"
गुजरातीत कुठल्याही म्हाताऱ्याला वडील म्हणतात,
बडोद्यात जन्म गेला, सवय आहे,
तरी मी पायरीवर जरा थांबलो.
मला मूलबाळ नाही.

सभागृहात माइक मधूनच मरत होता.
तांदळज्याचा अल्ताफ म्हणाला, वाचनालय रात्री दहापर्यंत ठेवा,
घरात आम्ही सात जण आणि ट्यूबलाइट एक.
कारेलीबागेच्या एका बाईंनी मगरीचे फोटो आणले होते.
पुरात ती त्यांच्या अंगणात चार दिवस राहिली
आणि घरपट्टी, त्या म्हणाल्या, पूर्ण माझ्याच नावे.
लोक हसले. साहेबही हसले.
मग जशीबेन, खालच्याच भाजीवाल्या:
बाजारात बायकांना मुतारी नाही.
सकाळपासून आम्ही पाणी पीत नाही. लिहा.
लिहिणारा मुलगा त्या शब्दापाशी अडला,
मग "शौचालय" लिहून मोकळा झाला.
मीही तेच केलं असतं.

सदतीस.
मी कठडा मागितला.
आमच्या गल्लीमागे कांस आहे, पावसाचं पाणी नदीला नेते,
तिच्यावरच्या मोरीला, दोन्ही अंगांनी, लोखंडी.
सांगायचं होतं की भाद्रपदात, दिवे गेलेले असताना,
श्रीपत सुर्वे तिथूनच सायकलसकट गेला,
माझ्याकडे बुद्धिबळाला येत होता,
पट मांडून ठेवला होता.
तोंडातून निघालं: अकरा रनिंग मीटर,
चालू दरसूचीप्रमाणे, किरकोळ बांधकामे या शीर्षाखाली.

साहेबांनी मान हलवली. "घेऊ. टोकन ठेवू."
टाळ्या पडल्या.
टोकन म्हणजे काय ते तिथे दोघांनाच ठाऊक,
साहेबांना आणि मला.
टोकन म्हणजे एक रुपया.
कामाचं नाव वहीत मरू नये
एवढ्यापुरता.
असे किती टाइप केले असतील मी,
आठ आकडी रकमांच्या खाली एकटा १,
कुणाची बालवाडी, कुणाच्या खांबावरचा दिवा.
बेरजेला त्यांचा कधी त्रास झाला नाही.

जिन्यात जशीबेनना गाठून सगळं सांगितलं,
कबुलीजबाब दिल्यासारखं.
त्यांनी शांतपणे ऐकलं, पिशवीतली मेथी नीट केली.
"एक रुपयो तो पड्यो ने?"
हो, म्हटलं, पडला.
"मग बोहणी झाली, भाऊ.
बोहणीचं गिऱ्हाईक कोण परत धाडतं?
पुढच्या साली दोन मागू."

पुस्तक छापून आलं, जाड, निळं.
पान दोनशे बारा. कठडा: १.
चार ओळी खाली शौचालय, खंडेराव मार्केट: १.
जुन्या खोडीनं चूक शोधली.
नव्हती.

मोरीवर हल्ली कुणीतरी आडवा बांबू बांधलाय,
त्याला जुन्या साडीची लाल चिंधी.
कोणत्या शीर्षाखाली, मी विचारलं नाही.
संध्याकाळी त्यावर हात टेकून बघतो.
हलतो थोडा.
गाठ सोडतो, पुन्हा आवळतो.